विटांचा खेकडा

साठी उलटलेल्या माणसाने खेळण्यांच्या दुकानात शिरावे ते नातवंडाचे बोट धरूनच, असा एक अलिखित दंडक आपल्या समाजात आहे. बरोबर मूल असले म्हणजे दुकानदार हसून स्वागत करतो. नसले म्हणजे तो विचारतो, "किती वर्षांचा आहे?" प्रश्न अर्थातच घरी राहिलेल्या कुणा काल्पनिक बालकाविषयी असतो, पण तो ऐकला की माझी जीभ क्षणभर अडखळते. गेली दहाबारा वर्षे मी या प्रश्नाला सोयीनुसार निरनिराळी उत्तरे देत आलो. अलीकडे मात्र सरळ सांगून टाकतो, की चौसष्ट.

मी प्लॅस्टिकच्या विटांच्या आगगाड्या बांधतो. 'आगगाडी' हा शब्द आता केवळ जिभेच्या लोभाने वापरायचा. आपल्या रुंद रुळांवरची आग १९९५ सालीच विझली. पण 'रेल्वेगाडी' म्हटले की डोळ्यांपुढे वेळापत्रक उभे राहते आणि 'आगगाडी' म्हटले की गाडी उभी राहते, म्हणून मी जुनाच शब्द धरून आहे. आणि 'बांधतो' हेही जाणूनबुजून म्हणतो. लाकडाच्या वा पत्र्याच्या प्रतिकृती माणसे घडवतात, कोरतात, डागतात. विटांचे तसे नाही. वीट आहे तशीच घ्यावी लागते. ती तासायची नाही, कापायची नाही, रंगवायची नाही आणि चिकटवायची तर मुळीच नाही. हे नियम कोणी सक्तीने लादलेले नाहीत. पण या छंदातली निष्ठावंत मंडळी ते सोवळ्यासारखे पाळतात, आणि एखाद्याने चोरून चिमूटभर गोंद वापरला तर त्याच्या इंजिनाकडे पाहण्याची त्यांची नजर बदलते.

या विटा डेन्मार्कमधल्या लेगो कंपनीच्या. बिलुंड नावाच्या गावी ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाचा एक सुतार होता. मंदीच्या दिवसांत घरबांधणीची कामे मिळेनात, म्हणून १९३२ साली तो लाकडाची खेळणी करू लागला. 'छान खेळ' अशा अर्थाचे दोन डॅनिश शब्द सांधून त्याने धंद्याचे नाव ठेवले. प्लॅस्टिकची वीट आली ती १९४९ साली, आणि आज आपण पाहतो ती, म्हणजे डोक्यावर बटणे आणि पोटात नळ्या असलेली वीट १९५८ साली. त्या वर्षीची वीट आजच्या विटेत नेमकी बसते. पासष्टाहून अधिक वर्षे आपला शब्द पाळणारी वस्तू बाजारात दुसरी कोणती आहे, ते मला ठाऊक नाही. बटण नळीत किती घट्ट बसावे याचे सारे मर्म मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यात आहे. अंमळ सैल झाले तर इंजिन हातात सुटे होते, अंमळ घट्ट झाले तर लहान मुलाला ते दातांनी सोडवावे लागते. आठ बटणांच्या सहा विटा एकमेकींना जोडण्याचे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकार आहेत, असे गणित मांडले गेले आहे. माझ्या पत्नीला मी हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "मग त्यातला एखादा प्रकार पलंगाखाली मावेल असा नाही का?"

लेगोने रुळावरची गाडी आणली १९६६ साली, निळ्या रुळांवर चालणारी आणि बॅटरीची. तेव्हापासून आजवर विजेची तऱ्हा अनेकदा बदलली, रुळांचे रंग बदलले. पण दोन रुळांमधले अंतर तेच राहिले आहे. ते अंतर साडेसदतीस मिलिमीटर. माझ्या छंदाचा सारा संसार या एका मापावर उभा आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिले तर वाचकांनी कंटाळू नये.

युरोपात आणि अमेरिकेत रुळांमधले अंतर १,४३५ मिलिमीटर असते. आपल्याकडच्या रुंद रुळांचे ते १,६७६. त्यामुळे त्याच साडेसदतीस मिलिमीटरांवर जर्मन माणसाने आपली गाडी बांधली तर तिचे प्रमाण एकास अडतीस पडते, आणि मी बांधली तर एकास पंचेचाळीस. म्हणजे खेळण्याचा रूळ तोच, पण त्यावर आपली गाडी जास्त लहान करून बसवावी लागते. एकदा हे पंचेचाळीस पक्के झाले, की जगातील प्रत्येक वस्तू बटणांत मोजता येऊ लागते. एक बटण आठ मिलिमीटरांचे. त्याला पंचेचाळीसने गुणा, की छत्तीस सेंटिमीटर होतात. म्हणजे एका बटणात जवळजवळ दीड वीत. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून पुढे साठाहून अधिक वर्षे जे डबे बनत राहिले आणि ज्यांतून आपण सर्वांनी उभे राहून, बसून, लोंबकळून प्रवास केला, त्या डब्यांची रुंदी ३,२४५ मिलिमीटर. भागाकार केला, तर नेमकी नऊ बटणे येतात. तो भागाकार पहिल्यांदा केला त्या रात्री मला झोप लागली नाही. बिलुंडच्या सुताराच्या आणि पेरांबूरच्या अभियंत्यांच्या स्वप्नातही नसलेला हा मेळ दोन वस्तूंच्या पोटात दडून बसला होता, आणि तो सापडला होता एका निवृत्त हिशेबनिसाला!

पण हा आनंद अर्धाच. नऊ हा विषम आकडा आहे, आणि विटांचे राज्य समसंख्येचे आहे. कंपनीच्या स्वतःच्या गाड्या बहुधा सहा बटणे रुंद असतात. त्या देखण्या दिसतात, पण आपल्या मापाने त्या सव्वादोन मीटरांहून थोडे कमीच भरणारे डबे ठरतील. रुंद रुळांवर डोलणारी एखादी अरुंद पेटीच. नऊ बटणांचा डबा मधोमध चाकांवर बसवायचा तर अर्ध्या बटणाची सरक द्यावी लागते, आणि ती देणाऱ्या खास पट्ट्या असतात. तीन पातळ पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एका विटेची उंची होते. पाच पट्ट्या ठेवल्या की सोळा मिलिमीटर होतात, आणि दोन बटणांची रुंदीही सोळा मिलिमीटरच. या समीकरणाला आमच्या पंथात गायत्रीची प्रतिष्ठा आहे. कारण त्यामुळे पाच पट्ट्यांचा थर आडवा करून, बटणे बाहेरच्या अंगाला वळवून, उभ्या बांधकामात फटीशिवाय बसवता येतो. डब्याच्या कडेने धावणारा रंगाचा पट्टा, खिडकीची बारीक चौकट, इंजिनाच्या नाकावरची उभी जाळी, हे सारे त्या एका बेरजेचे देणे आहे.

कोणी विचारील, की एवढे वास्तव हवे आहे तर सरळ पितळेचे किंवा लाकडाचे इंजिन का घडवीत नाही? हा प्रश्न मला वृत्तात लिहिणाऱ्या कवीला 'गद्यात का लिहीत नाही' असे विचारण्यासारखा वाटतो. शार्दूलविक्रीडिताच्या बाराव्या अक्षरावर यती येतो, आणि तो सांभाळताना कवीला जो शब्द सापडतो तो मोकळ्या मैदानात कदाचित सापडला नसता. विटेचेही तसेच आहे. हवा तो वक्र मिळत नाही, हवा तो रंग हव्या त्या तुकड्यात कधी बनलेलाच नसतो. मग सहा महिने मन त्या एका कोपऱ्याभोवती घोटाळत राहते, आणि एके दिवशी भाजी निवडताना लक्षात येते, की कुठल्याशा किल्ल्याच्या संचातला उलटा जिना इथे पालथा घातला तर काम होईल. संगणकाच्या पडद्यावर विटा रचून पाहण्याची सोय आहे. पुष्कळ जण आधी तिथे पूर्ण इंजिन बांधतात आणि मगच विटा मागवतात. मला ते जमत नाही. पडद्यावरच्या विटा कधी पडत नाहीत, आणि जे पडू शकत नाही ते उभे आहे यावर माझा विश्वास बसत नाही.

प्रमाणाचे हे वेड माझ्यात कोठून आले याचा शोध घेताना मला नेहमी झाशीच्या रेल्वे वसाहतीतली दिवाळी आठवते. आमच्या चाळीत पाचसहा मराठी घरे होती. मातीचा किल्ला आम्ही मुलेच करायचो. शेजारच्या बुंदेली मुलांना हे काय चालले आहे ते कळत नसे, पण चिखल कालवायला ती आनंदाने येत. किल्ल्यावर अळिवाची हिरवळ उगवे, तळे म्हणून आरशाचा तुकडा पुरला जाई, आणि मग नागपूरहून कोणी आणलेली चित्रे मांडली जात. शिवाजी महाराज सिंहासनावर बसलेले, आणि ते बसूनही महादरवाजाच्या दुप्पट उंच. मावळे बुरुजाएवढे, तोफ मावळ्यापेक्षा लहान, आणि पायथ्याशी चरणारी गाय तोफेच्या तिप्पट. या गोष्टीचा मला विलक्षण त्रास होई. महाराज दरवाजातून आत कसे गेले असतील? माझ्या आईने त्यावर दिलेले उत्तर मी आजवर विसरलो नाही. ती म्हणाली, "महाराज आधी आले, किल्ला मागून बांधला."

त्या उत्तराने माझे समाधान तेव्हा झाले नव्हते. आजही लेगोच्या माणसाकडे पाहताना होत नाही. हा चिमुकला माणूस १९७८ साली जन्माला आला; उंची सुमारे चार सेंटिमीटर. पंचेचाळीसच्या हिशेबाने तो सहा फुटी, म्हणजे चालण्यासारखा आहे. पण त्याची नुसती कंबरच सव्वादोन फुटांहून अधिक भरते. असे दोन गृहस्थ आमच्या दुसऱ्या वर्गाच्या बाकावर बसले तर तिसऱ्याने 'जरा सरका' म्हणण्याची सोय उरत नाही. म्हणून माझ्या गाड्यांत माणसे नसतात.

आणि वळणे! वळण हा या छंदातला खरा शत्रू. लेगोच्या वाकड्या रुळांचे सोळा तुकडे जोडले की एक वर्तुळ पुरे होते आणि त्याची त्रिज्या चाळीस बटणे, म्हणजे बत्तीस सेंटिमीटर भरते. पंचेचाळीसने गुणल्यास साडेचौदा मीटर. आपल्या रुंद रुळांवर तीव्रात तीव्र वळण दहा अंशांचे, त्याची त्रिज्या १७५ मीटर. ते प्रमाणात आणायचे तर पावणेआठ मीटर व्यासाचे वर्तुळ मांडावे लागेल, आणि ते मांडायचे तर आमच्या घराची मधली भिंत, स्वयंपाकघर आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध, तिन्ही पाडावे लागतील. मोठमोठी प्रदर्शने भरवणारी परदेशातली मंडळी रुंद वळणांचे रूळ मिळवतात. आम्ही खोलीतले लोक गाडीच्या पोटात फट ठेवतो, चाकांचे गाडे जास्त फिरते करतो आणि वळणावर गाडीचा कोपरा भलतीकडे बाहेर आला की दुसरीकडे पाहतो.

या सगळ्या अडचणींवर मात करील असे एखादे इंजिन हवे होते, आणि ते मला दिल्लीतच भेटले. चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात 'सर लेस्ली विल्सन' या नावाचे एक विद्युत इंजिन उभे आहे. मुंबईच्या एका गव्हर्नराचे हे नाव त्याच्या अंगावर असले तरी घाटातल्या माणसांनी त्या जातीचे नाव कधीच ठेवून टाकले होते: खेकडा. मुंबई ते पुणे आणि मुंबई ते इगतपुरी या मार्गांवर विजेची वाहतूक सुरू होण्याच्या सुमारास, १९२८ पासून, जी. आय. पी. रेल्वेने मालगाड्यांसाठी अशी ४१ इंजिने आणवली. पहिली काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यातून आली, बाकीची इंग्लंडात बनली. मधे चालकाची खोली, दोन्ही अंगांना लांब सखल नाके, आणि नाकांसकट चाकांचे गाडे वळणावर मधल्या खोलीपासून वेगळे वाकतात. विंटरथूरच्याच कारखान्याने त्याआधी, १९१९ पासून, आल्प्समधल्या गोट्टहार्ड घाटासाठी याच घाटाची इंजिने बनवली होती. त्यांना तिकडे 'मगर' म्हणतात. एकाच कुळातल्या यंत्रात त्यांना मगर दिसली आणि आपल्या माणसांना खेकडा दिसला. यात मला तरी आपल्या माणसांची नजर अधिक बारीक वाटते. मगरीला एवढी हालती हाडे बाहेर दिसत नाहीत. खेकड्याची चाल ज्याने पावसाळ्यात सह्याद्रीच्या वाटेवर पाहिली आहे, त्याला त्या इंजिनाच्या चाकांना जोडणारे दांडे वरखाली होताना पाहून दुसरे नाव सुचलेच नसते.

स्विस मगरीचा विटांचा संच कंपनीने स्वतःच २०२० साली काढला, १,२७१ तुकड्यांचा. त्याच वर्षी आपल्या सरकारने खेळण्यांवरची आयात जकात वीस टक्क्यांवरून साठ टक्के केली, त्यामुळे ती मगर मी दुकानाच्या काचेतूनच पाहिली. खेकड्याचा संच कोणी काढला नव्हता. काढणारही नाही. तो सुट्या विटांतूनच उभा करावा लागणार होता.

रविवारी सकाळी मी संग्रहालयात जाऊ लागलो. हातात मोजपट्टी, वही आणि गाठी मारलेली सुतळी. तिथल्या पहारेकऱ्याला प्रथम मी भंगाराचा व्यापारी वाटलो असावा. पुढे त्याची खात्री पटली, की हा माणूस काही नेणार नाही, फक्त लिहून घेणार आहे. मग तोही सुतळीचे दुसरे टोक धरू लागला. चौदा महिन्यांनी इंजिन पुरे झाले. खोली आठ बटणे रुंद, नाके त्याहून अरुंद. बॅटरी खोलीत दडवली. चाके दर बाजूला सहा. मगरीला पुढेमागे लहान चाकांची एकेक जादा जोडी असते, खेकड्याला ती नाही. प्रत्येक गाड्यातल्या तीन जोड्यांपैकी मधल्या जोडीची चाके कड नसलेली घ्यावी लागली, नाहीतर साडेचौदा मीटरांच्या वळणावर गाडा रुळात अडकून बसतो.

दांड्यांची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. खऱ्या खेकड्यात मोटारी दंतचक्रांमधून एक आस फिरवतात, आणि त्या आसाची गती दांड्यांनी चाकांना पोचते. आता दांडा आणि चाक एका रेषेत आले, की तो दांडा कितीही जोर लावला तरी चाकाला वळवू शकत नाही. दोन्ही बाजूंचे दांडे एकाच वेळी असे रेषेत आले तर इंजिन जागच्या जागी खिळेल. म्हणून उजवीकडची चाके डावीकडच्यांपेक्षा पाव फेऱ्याने पुढे बसवतात. एक बाजू अडली की दुसरी ओढून नेते. लोखंडाच्या कारखान्यात हा पाव फेरा अचूक साधणे कौशल्याचे काम असते. विटांच्या जगात आसाचा छेद बेरजेच्या चिन्हासारखा असतो, त्यामुळे चाक चारच दिशांनी बसते आणि पाव फेरा आपोआप नेमका साधतो. पाहणाऱ्याला हे कधी दिसत नाही. कारण कोणीही इंजिनाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी पाहू शकत नाही.

दिसत नाही, असे मी समजत होतो. मग मी ते इंजिन नाशिकला मामांकडे घेऊन गेलो.

मामा इगतपुरीला इंजिन ड्रायव्हर होते. कसारा ते इगतपुरी ही सुमारे पंधरा किलोमीटरची चढण, सदतीस फुटांना एक फूट चढणारी. तीवर पुढच्या इंजिनाने ओढायचे आणि मागून जोडलेल्या बँकर इंजिनांनी ढकलायचे. मामांनी असिस्टंट म्हणून आणि पुढे ड्रायव्हर म्हणून कितीतरी पावसाळे त्या घाटात काढले, आणि त्यांतले बरेच खेकड्याच्या खोलीत. आज ते त्र्याण्णव वर्षांचे आहेत. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले त्याला सहा वर्षे झाली. मी इंजिनाचे तीन भाग वेगळे करून चपलांच्या खोक्यात नेले, त्यांच्यासमोर जोडले आणि काहीही न बोलता त्यांच्या मांडीवर ठेवले.

त्यांनी प्रथम ते उचलून वजन पाहिले. मग दोन्ही नाके धरून खोलीपाशी वाकवून पाहिली आणि हसले. मग बोटे खाली उतरली. उजव्या हाताने उजवीकडचा दांडा चाचपत त्यांनी चाक हळूहळू फिरवले, दांडा अगदी खाली आला तेव्हा थांबले, आणि डावा हात पलीकडून नेऊन दुसऱ्या बाजूचा दांडा कुठे आहे ते पाहिले. तो पाव फेरा मागे होता. मामा "हं" म्हणाले. माझ्या चौदा महिन्यांच्या कामाला मिळालेले हे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र.

"मधल्या चाकाला कड नाही," ते म्हणाले.

"वळणासाठी, मामा."

"चालेल. वाफेच्या इंजिनांतही करीत असत." बोटे पुन्हा पुढच्या चाकाकडे गेली, त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत घुटमळली, मग मागच्या टोकाला गेली आणि तिथेही घुटमळली. "वाळूचे पाइप कुठे आहेत?"

मी सांगितले, की ते मुद्दामच वगळले आहेत. या प्रमाणात तो पाइप एक मिलिमीटरही भरणार नाही, आणि विटांच्या कुटुंबातली बारकी नळीसुद्धा तीन मिलिमीटर जाडीची असते. ती लावली तर खऱ्या इंजिनाला साडेतेरा सेंटिमीटर जाडीचा पाइप लावल्यासारखे होईल; चाकापुढे पावसाळ्याची पन्हळ लोंबते आहे असे दिसेल. जे प्रमाणात बसत नाही ते सोडून द्यायचे, हा आमचा नियम.

मामांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मग हा कसाऱ्यालाच उभा राहील."

आणि पुढचा अर्धा तास ते वाळूविषयी बोलत होते. घाटात जून महिना लागला की रूळ ओला, त्यावर पानांचा चिकटा. चाक जागच्या जागी गरगरते आणि मागच्या पाऊणशे वाघिणी अंगावर येऊ पाहतात. त्या वेळी चाक आणि रूळ यांच्यामध्ये जे पडते ते चिमूटभर वाळू. ती नदीची चालत नाही तशी. चाळलेली आणि भट्टीवर भाजून कोरडी केलेली हवी. पेटीत दमट वाळू गेली की पाइप तुंबतो. मग असिस्टंटने पावसात उतरून पाइपावर हातोडीने टिचक्या मारायच्या, आणि कान देऊन ऐकायचे: भरलेला पाइप बद्द वाजतो, मोकळा खणखणतो. मामांनी पहिली तीन वर्षे हेच केले. वरिष्ठांनी सांगितले म्हणून वाळू चालायची, असे ते म्हणाले. इंजिन विजेवर चालते हे शहरातल्या माणसांना वाटते. बोलताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे खुर्चीच्या दांडीवर टकटक करीत होती, आणि मला वाटते त्यांचे त्यांना ते ठाऊक नव्हते.

परत आल्यावर मी हा प्रसंग आमच्या पंथातल्या एका जाणत्या स्नेह्याला कळवला. ते बंगळूरला असतात, आणि प्रमाणाच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा मानला जातो. त्यांचे उत्तर आले, की वृद्ध माणसांच्या भावनांचा आदर करावा, पण प्रतिकृती ही डोळ्यांसाठी असते. पाइप वगळणे हे सत्य आहे. जाड पाइप लावणे हे असत्य आहे. तर्काने पाहिले तर हे म्हणणे बिनतोड आहे, आणि वर्षभरापूर्वी मीही दुसऱ्या कुणाला हेच लिहिले असते. पण माझ्या मनात तेव्हापासून दुसराच विचार घोळू लागला आहे. खिडकीची चौकट आम्ही अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जपतो. ती जपायला एका इंजिनाची छायाचित्रे पुरतात. पण वस्तूतले काय मोठे आणि काय लहान हे ठरवायला मोजपट्टी पुरते का? ज्या माणसाने तीन पावसाळे हातोडी घेऊन त्या पाइपाशी वाकून काढले, त्याच्या खेकड्यात तो पाइप किती जाड असेल? झाशीच्या किल्ल्यावरचे महाराज दरवाजापेक्षा मोठे होते, आणि ते तसे का होते हे चिखल कालवणाऱ्या प्रत्येक पोराला न सांगता कळत होते. कळत नव्हते ते मला एकट्याला.

मी स्नेह्यांना उत्तर लिहिले नाही. काळी लवचीक नळी मागवली. आठ तुकडे मोजून कापायचे, तर कापणे निषिद्ध. म्हणून तयार लांबीचे तुकडे शोधण्यात आणखी दोन महिने गेले. ते चाकांपुढे बसवले तेव्हा इंजिन खरोखरच विचित्र दिसले. एखाद्या सभ्य गृहस्थाने पावसाळी बूट घालून मांडवात यावे तसे. चारदोन दिवसांनी डोळ्यांना सवय झाली. आता जुनी छायाचित्रे पाहिली की तेच इंजिन उघडे वाटते.

एक गोष्ट मात्र झाली. पाइपांची टोके रुळाच्या इतकी जवळ येतात, की वळणावर गाड्याचे नाक बाहेर झुकले म्हणजे ती रुळाच्या डोक्यावर आपटतात आणि इंजिन घसरते. खेकडा आता वर्तुळावर फिरू शकत नाही. त्याच्यासाठी मी सरळ रुळाचे आठ तुकडे जोडले आहेत. एक मीटरहून किंचित जास्त लांबी होते, आणि तेवढ्यावरच तो मागेपुढे जातो. वळणच उरले नाही म्हटल्यावर मधल्या चाकांना कडांचीही बदली करून टाकली. रुळाच्या एका टोकाखाली मी पुस्तके रचून सदतिसास एक असा चढ दिला आहे. एवढ्या लांबीला तो तीन सेंटिमीटरही भरत नाही, पण प्लॅस्टिकची चाके त्यावर गुळगुळीतपणे घसरतात आणि इंजिन अर्ध्यावर थांबते.

मामांना फोनवर हे सांगितले. ते म्हणाले, रूळ पुसून घे, तेलाचा हात लागला असेल. मग म्हणाले, सरळ रूळ कशाला ठेवलास, घाटात सरळ असा रूळ आहेच कुठे. आणि कसाऱ्याहून निघाल्यावरची पहिली वळणे, त्यांतले डावे कोणते, उजवे कोणते, कुठल्या बोगद्याच्या तोंडाशी पाणी ठिबकते आणि वाळू आधीच सोडावी लागते, ते क्रमाने सांगू लागले. मी त्यांना थांबायला सांगून कागद आणि पेन्सिल शोधायला उठलो.